सत्काराचे खड्डे

नागपुरात बर्फ मिळतो तो रसवंतीवर, नाहीतर लग्नात पाण्याच्या ड्रममध्ये. त्यावर कुणी नाचल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तरीही अर्धं आयुष्य मी या गावात फिगर स्केटिंग शिकवण्यात घालवलं, आणि शाळेतली पी.टी.ची नोकरी संपल्यावरही रोज सकाळी गळ्यात शिट्टी अडकवून बागेत हजर असते. नवीन माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला, "मॅडम, बर्फ कुठून आणता?" मी सांगते, "काश्मीरहून. ट्रकनं." निम्मे लोक मान डोलावतात, आणि वाटेत तो वितळत कसा नाही असं काळजीनं विचारतात.

खरं म्हणजे आमचं स्केटिंग चाकांवरचं. बुटाखाली दोन चाकं पुढे, दोन मागे, आणि चवड्यापाशी ब्रेकसारखा एक रबरी ठोकळा. खाली बागेतलाच गुळगुळीत सिमेंटचा चौक, त्याला रिंक म्हणायचं. यात दोन जाती आहेत. एक पळणारे. त्यांचा निकाल घड्याळ लावतं, जो आधी पोचला तो पहिला, भांडणाला जागाच नाही. दुसरे आम्ही, गिरक्या घेणारे. आमच्याकडे गाणं लागतं, पोरगी उडी मारते, हवेत फिरते, एका पायावर उलटी उतरते, आणि टेबलाशी चहा पीत बसलेली माणसं ठरवतात की ते किती सुंदर झालं. त्यामुळे आमच्याकडे भांडणाला जागाच जागा. बर्फावरचा खेळ आणि आमचा खेळ या सख्ख्या बहिणी. एक श्रीमंताघरी दिली, दुसरी नागपूरला.

या खेळात आधी पडायला शिकावं लागतं. गुडघे वाकवायचे, हात पोटाशी घ्यायचे आणि बाजूनं मांडीवर पडायचं. माझ्याकडे पहिला महिना दुसरं काही नसतं, आणि पालकांना नेमकं तेच बघवत नाही. रामदासपेठेतले एक हाडांचे डॉक्टर मुलाला घेऊन आले होते. पोराला इतकी पॅडं बांधली होती की उभा केला तर उभा राही आणि आडवा केला तर आडवा. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, फक्त त्याला पडू देऊ नका." म्हटलं, "डॉक्टरसाहेब, सगळेच न पडता चालायला लागले तर तुमचं कसं व्हायचं?" ते हसले नाहीत. मुलगा पुढे बुद्धिबळाला गेला असं ऐकलं.

पण माझं खरं गिऱ्हाईक वेगळंच. दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. ते कबड्डीत मिळवायचे तर गावोगावच्या तयार पोरांशी झटावं लागतं, ढोपरं फोडून घ्यावी लागतात. आमच्या खेळात तशी गर्दी नाही. म्हणून नववीच्या सुरुवातीला माझ्याकडे रांग लागते. "मॅडम, बोर्डाच्या आधी राज्यस्तर होऊन जाईन ना?" एक बाई तर स्पष्टच म्हणाल्या, "शिकवणं तुमच्या सवडीनं होऊ द्या, स्पर्धेचं तेवढं आधी सांगा." वयाचे गट इतके बारीक पाडलेले असतात की कधी कधी एका गटात तीनच पोरी उतरतात. मग जी पडली नाही तिला सुवर्ण, जी कमी पडली तिला रौप्य, आणि गाणं संपेपर्यंत जी पळून गेली नाही तिला कांस्य. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागतो आणि त्यावर पोरीपेक्षा नगरसेवकाचा फोटो मोठा असतो. दहावीचा निकाल लागला की बूट माळ्यावर जातात.

पुढे त्याच पोरी लग्नाकार्यात भेटतात, कडेवर लेकरू असतं, आणि नवऱ्याला सांगतात, "मी चॅम्पियन होती बरं का, विचारा मॅडमला." होतीस बाई. तिघींमधली. मी हसते, पण मला त्याचं फार वाईट वाटतं. तव्यावरची पोळी फुगायला लागावी आणि नेमकी तेव्हाच कुणी उचलून न्यावी, तसं माझं आयुष्यभर झालं.

पल्लवी पराते हीसुद्धा अशीच गुणांसाठी आलेली पोरगी. तिच्यात एकच खोट निघाली. तिला खेळ आवडला.

परात्यांचं घर मूळचं कोष्ट्याचं. आजोबांपर्यंत घरात हातमाग होता, नंतर माग गेला आणि त्या जागी फ्रीज आला. वडील गजाननभाऊ हिंगण्याला एका कारखान्यात मशीनवर. कंपनीच्या बसनं जायचे, कंपनीच्या बसनं यायचे, आणि पहिली पाळी नसली की पोरीला सकाळी रिंकवर सोडून कठड्याला टेकून उभे राहायचे. बोलणं कमी. पोरगी पडली की त्यांचा जबडा घट्ट व्हायचा, उठली की सैल व्हायचा, एवढीच काय ती प्रतिक्रिया. पल्लवीनं गुण देणारी स्पर्धा केली, दहावी चांगली पार पाडली, आणि निकालानंतर गजाननभाऊ पोरीशिवायच बागेत आले.

"मॅडम, तुमचे लय उपकार झाले. गुण भेटले. आता बस."

"परातेभाऊ, पोरगी दुहेरी उडीच्या तोंडाशी आहे. आता काहून थांबवता?"

"डबा भरून मेडल झाले तिचे. आता सायन्स घेऊन राहिली ते. पुढं अजून खेळून काय भेटन?"

यावर द्यायला माझ्याकडे खरं उत्तर नव्हतं. खोटी बरीच होती. मी म्हटलं, पोरीत काहीतरी आहे.

"तुम्ही तं म्हणसानच जी. तुमचाच क्लास आहे. कोणी बाहेरचं, खरं जाणणारं मानूस सांगू द्या. मंग पाहू."

खरं जाणणारं माणूस नागपुरात शोधायचं कुठे? आमच्या स्केटिंग मंडळाचे अध्यक्ष राजाभाऊ यांनी स्केट पायात घातलेला मी कधी पाहिला नाही, हातात मात्र बऱ्याचदा पाहिला, फोटोपुरता. पण गंमत अशी की ते माणूस शेवटी गजाननभाऊंनीच आणलं. महिनाभरानं ते पुन्हा आले आणि कठड्याला टेकून जरा अवघडून म्हणाले, "आमच्या कंपनीत इटलीहून मशीन आली. संगं इंजिनिअर आला, चालू करून द्याले. त्याची बायको बी आली आहे. ते म्हणते बर्फावर खेळे. मोठ्या मोठ्या मॅचमंधी."

मी त्याच संध्याकाळी कंपनीचं गेस्ट हाउस गाठलं. बाईंचं नाव मिरेल्ला. पन्नाशीच्या पुढची, केस कापलेले, पाठ सरळ, आणि चालताना पाय किंचित बाहेर टाकणारी. ती चाल पाहिली आणि मला कळलं की ही आमच्यातली आहे. माझं इंग्रजी पी.टी.चं, तिचंही कामापुरतं. दोघींचं सारखंच कच्चं असल्यामुळे आमचं उत्तम जमलं.

मी विचारलं, तुम्ही काय काय जिंकलात? ती म्हणाली, काही नाही. मला वाटलं, प्रश्न कळला नाही. मी हातानं गळ्यात पदक घातल्याची खूण केली. तिनं हातानंच नाही म्हटलं, आणि मग कॉफी पीत तिनं मला तिची सगळी कारकीर्द सांगितली. ऐकताना मला आधी हसू येत होतं, मग येईनासं झालं.

डोंगराकडच्या एका लहान गावात ती वाढली. तिथे चर्चच्या अंगणात पोरं चाकांवर खेळत, आपल्यासारखीच. बर्फावर ती उशिरा आली, म्हणजे त्यांच्या हिशेबानं उशिरा. देशाच्या स्पर्धेत ती नेहमी चौथी. पुढच्या तिघी बदलत, पण चौथी हीच. एकदा युरोपच्या स्पर्धेला राखीव म्हणून नेलं. बुटाच्या लेस बांधून ती पूर्ण वेळ प्रेक्षकांत बसली, आणि पुढच्या तिघींपैकी एकीलाही साधी सर्दी झाली नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा तिला खरंच उतरायला मिळालं. पहिल्या फेरीतून जितक्या मुली पुढे घेतात, त्यात ही शेवटची. त्यांच्याकडे सगळ्यात मागची मुलगी सगळ्यात आधी खेळते. म्हणजे सकाळी सकाळी, लोक अजून आपल्या खुर्च्या शोधत असताना, गाणं लागलं आणि ही बर्फावर उतरली.

"तो माझा सगळ्यात चांगला खेळ होता," ती म्हणाली. "सगळ्या उड्या उतरल्या. बघायला सफाईवाले होते आणि माझी आई होती."

"आणि नंबर?"

"सांगण्यासारखा नाही," असं म्हणून ती इतकी मनापासून हसली की गेस्ट हाउसचा खानसामा बाहेर डोकावला.

पल्लवीचं मी तिला सांगितलं. ती लगेच तयार झाली. रविवारी सकाळी रिंकवर येईन आणि पोरगी बघून जे खरं असेल ते सांगीन, म्हणाली. सोमवारी त्यांचं परतीचं विमान होतं, म्हणजे संधी एकच. गजाननभाऊंनी रविवारची पाळी बदलून घेतली. पल्लवीनं चाकं काढून रॉकेलनं धुतली.

रविवारी रिंक बंद, आणि फाटकाची किल्ली मंडळाकडे असते, म्हणून मला राजाभाऊंच्या कानावर घालावं लागलं. ऐकताच ते खुर्चीतून उठले. "इटलीची प्लेयर? आपल्या बागेत? अन् तुम्ही मले आज सांगून राहिल्या, मॅडम?"

म्हटलं, राजाभाऊ, अर्ध्या तासाचं काम आहे. ती येईल, पोरगी बघेल, जाईल.

"असं कसं जी! आंतरराष्ट्रीय पाहुणी अन् नुसती येऊन जाईन? नागपूरची काही इज्जत आहे का नाही?"

आपल्याकडे कुणी काही केलं की सत्कार होतो, कुणी काही केलं नाही तरी होतो, आणि परदेशातून आलेल्या माणसाची तर सुटका नसतेच. राजाभाऊंच्या मेहुण्याचा मंडपाचा धंदा आहे हे मला ठाऊक होतं. तो मंडप कुठे पडेल, याचा मात्र मी विचार केला नाही. बाग एवढी मोठी, हिरवळ एवढी पसरलेली.

रविवारी सकाळी मी फाटकातून आत शिरले आणि जागच्या जागी उभी राहिले. रिंकवर मंडप होता. निळ्या-पांढऱ्या कापडाचा, झालरीचा. खाली हिरवा गालिचा अंथरला होता, त्यावर लाल सोफे, पाहुण्यांसाठी कुलर. मागे फ्लेक्स, "विश्वविजेत्या मिरेल्ला मॅडम यांचा भव्य नागरी सत्कार", आणि त्यात मधोमध राजाभाऊ हात जोडून. कोपऱ्यात टिकलीएवढी एक बर्फावरची मुलगी होती, ती मिरेल्ला नव्हती. नेटवरून कुणीतरी दुसरीच उचलली होती.

मी धावत जाऊन गालिच्याची कड उचलली. मंडपाच्या प्रत्येक खांबासाठी पहारीनं रिंक फोडली होती. ज्या सिमेंटवर मी पोरींना चपलेनं पाय ठेवू देत नाही, त्यात वीतभर खोल खड्डे, आणि भोवती सगळीकडे गिट्टीचा चुरा.

"राजाभाऊ, हे काय केलं? ती पोरीचं स्केटिंग पाहायला येऊन राहिली!"

"मंग पाहुणीले उन्हात बसवू काय, मॅडम?" राजाभाऊंना माझा राग खरोखरच कळला नाही. "अन् हिरवळीवर खांब टाकला असता तं गवत खराब झालं असतं ना! माळी ओरडते. हे तं सिमेंट आहे. याले काय होते?"

हिरवळ वाचवली म्हणून त्यांनी माझ्याकडून शाबासकीची अपेक्षा केली होती, असं मला आजही वाटतं.

पल्लवी गळ्यात बूट अडकवून कठड्यापाशी उभी होती. गजाननभाऊ मंडपाकडे बघत होते. जबडा घट्ट झाला होता.

सत्कार झाला. आमदारसाहेब उशिरा आले, तोवर एका बाईंनी स्वागतगीत दोनदा म्हटलं. मिरेल्लाच्या खांद्यावर शाल, हातात नारळ, डोक्यावर फेटा. राजाभाऊंनी तिची कारकीर्द सांगितली. अनेक वेळा विश्वविजेती, बर्फाची राणी, असं बरंच काही. मी कानाशी लागून तिला अर्थ सांगितला तशी ती उठली, माईक घेतला आणि म्हणाली, मी कधीच विजेती नव्हते, मला एकही मोठं पदक नाही. मी मराठीत जसंच्या तसं सांगितलं. राजाभाऊंनी चपळाईनं माईक ओढला. "पाहा! पाहा किती विनम्रता! खरे चॅम्पियन असेच राहते!" टाळ्या कडाडल्या. ती पुन्हा म्हणाली, नाही, खरंच, मी चौथी यायचे. आणखी जोरात टाळ्या. आमदारसाहेबांनी तर रुमालानं डोळे टिपले.

मग तिनं मला हळूच विचारलं, "मुलगी कुठे आहे? रिंक कुठे आहे?"

म्हटलं, "तुम्ही रिंकवरच उभ्या आहात."

तिनं बुटाच्या टोकानं गालिच्याची कड उचलली. खड्डा पाहिला. खांब पाहिला. मग स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला. मला वाटलं, आता ही रडणार किंवा ओरडणार. पण तिनं पल्लवीला बोटानं बोलावलं आणि विचारलं, "दुसरीकडे कुठे गुळगुळीत जमीन आहे?"

माझ्या एका विद्यार्थिनीचे वडील लकडगंजात प्लायवूडचे ठोक व्यापारी. तेही सत्काराला आले होते. ऐकून म्हणाले, "मॅडमजी, मेरा गोदाम है ना. आज संडे है, आधा खाली पडा है." आमदारसाहेबांचं भाषण सुरू असताना आम्ही मागच्या कनातीतून निघालो. सत्कारमूर्ती सत्कारातून पळाल्याचं कुणाच्या लक्षात आलं नसावं, कारण भाषण बराच वेळ चाललं असं नंतर कळलं.

गोदामात प्लायवूडच्या थप्प्या छताला लागल्या होत्या. मधली जागा आम्ही सगळ्यांनी मिळून झाडली, शेठजींनीसुद्धा. पल्लवीनं मोबाइलवर गाणं लावलं आणि ती निघाली. डाव्या पायावर उलटं सरकत यायचं, तिथून उडायचं, हवेत दोन फेरे घ्यायचे आणि उजव्या पायावर उतरायचं, ही ती दुहेरी उडी. पहिल्यांदा पल्लवी धाडकन पडली. दुसऱ्यांदाही पडली. मिरेल्लानं बूट काढले, अनवाणी पुढे गेली, पल्लवीचे दोन्ही खांदे धरून सावकाश फिरवले आणि मला म्हणाली, "हिला सांगा, ही उडायच्या आधीच उतरायची काळजी करते." मी सांगितलं. पल्लवी तिसऱ्यांदा उडाली, पडली, आणि मिरेल्लानं टाळ्या वाजवल्या.

"पडली ना पोरगी?" गजाननभाऊंनी मला विचारलं. "मंग टाळ्या काहून?"

मी म्हटलं, आधी ती अर्ध्यातून पडत होती. आता दोन्ही फेरे पुरे करून पडली. आमच्या धंद्यात त्या दोन पडण्यांत फार अंतर असतं. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला, दिवाळीच्या चकल्यांचा असतो तसा. त्यात पल्लवीची पदकं होती. मिरेल्लानं एकेक उचलून, दोन्ही बाजूंनी बघून, अदबीनं परत ठेवलं.

"यायचे मेडल किती आहे, विचारा ना," गजाननभाऊ म्हणाले.

"एकही नाही."

"नीट विचारा मॅडम. समजलं नसन त्यायले."

"समजलं भाऊ. सकाळपासून त्या तेच सांगत आहेत."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि थेट विचारलं, "पोरीले पुढं मोठ्या ठिकाणी मेडल भेटन काय? खरं सांगा म्हणा."

मिरेल्लानं पल्लवीकडे पाहिलं आणि सांगितलं, "नाही. फार उशीर झाला. आमच्याकडे या वयात मुलींचं हे सगळं करून झालेलं असतं."

आता ते मराठीत सांगायचं काम माझ्याकडे होतं. तिथे इंग्रजी कळणारी पल्लवी होती, पण ती लेस सोडत खाली मान घालून बसली होती आणि काही बोलणार नव्हती. मी "बाई म्हणतात, पोरगी मोठी होईल" एवढं म्हटलं असतं तर काम फत्ते होतं. राजाभाऊंनी तेच केलं असतं आणि वर टाळ्या घेतल्या असत्या. सकाळचा तो फ्लेक्स मला आठवला, आणि मी सांगितलं, "नाही म्हणतात, भाऊ. उशीर झाला."

पल्लवीचा लेसवरचा हात थांबला.

"मंग त्या काहून खेळल्या एवढे वर्षं?" गजाननभाऊंचा आवाज चढला. मला तो राग वाटला. आता वाटतं, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "चवथा नंबर येते, भेटत काही नाही, तरी काहून?"

मिरेल्लानं ऐकलं आणि उलट विचारलं, "माझा नवरा सांगतो, त्या नव्या मशीनपाशी एक माणूस रोज पाळी संपल्यावर थांबतो. बस सोडतो. तो तुम्हीच ना?"

"हाव."

"त्याचे जास्तीचे पैसे मिळतात?"

"नाही जी. ते माही मशीनच नाही. दुसऱ्याच्या डिपार्टमेंटची आहे."

"मग का थांबता?"

गजाननभाऊ ओशाळल्यासारखे झाले. पोरीसमोर चोरी पकडली जावी तसे. "आता काय सांगू... चालते का नाही, पाहाचं होतं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मिरेल्ला म्हणाली, "मलाही तेच पाहायचं होतं." मग तिनं बूट घातले, पल्लवीच्या गालावर हात फिरवला, आणि शेठजींनी मागवलेला चहा पिऊन ती गेली. गजाननभाऊंनी डबा पिशवीत टाकला, पोरीला मोटारसायकलवर बसवलं, आणि मला नमस्कार करून तेही गेले. ना हो म्हणाले, ना नाही.

मला वाटलं, संपलं. आठवडाभर पल्लवी आली नाही, आणि आली असती तरी खेळली कुठे असती? मंडप गेला होता, खड्डे तिथेच होते. राजाभाऊ म्हणाले, "निधी येऊ द्या, मॅडम. निधी आला का भरू." बाकीच्या पोरी मी कडेच्या पायवाटेवर फिरवत होते, आणि मनात सगळ्यांना शिव्या देत होते. स्वतःलाही. खरं बोलून मी एक पोरगी घालवली होती, आणि ते खरं बोलणं मला फार महाग पडलं होतं.

पुढच्या रविवारी सकाळी फाटक उघडं दिसलं. किल्ली नसताना उघडं कसं म्हणून मी आत गेले, तर गजाननभाऊ रिंकवर उकिडवे बसले होते. शेजारी सिमेंटची गोणी, घमेलं, थापी. पल्लवी बादलीनं पाणी आणत होती.

"माळ्यानं खोललं," ते मान वर न करता म्हणाले. "तराईसाठी, सिमेंट पक्कं व्हाले, रोज पाणी माराले सांगा त्याले. तेवढे दिवस पोरीले उतरू देऊ नोका."

मी काही विचारलं नाही. विचारलं तर ते उठून जातील अशी मला भीती वाटली. सिमेंटकाम त्यांना येत नव्हतं हे दिसतच होतं. एक खड्डा बसका राहिला, एक उंच झाला, आणि एकात पल्लवीच्या बोटांचे ठसे उमटले. मी घमेलं उचललं.

आता हे चांगलं काम शांतपणे पार पडलं असतं, तर ते नागपुरात घडलं असं म्हणता आलं नसतं. राजाभाऊंना कळलं. पालकानं स्वतःच्या हातानं रिंक दुरुस्त केली, केवढा आदर्श! दुरुस्त रिंकचं उद्घाटन आणि गजानन पराते यांचा सत्कार, दोन्ही एकत्र ठरलं. त्या दिवशी सकाळी मी पोचले तेव्हा मेहुण्याचा टेम्पो उभा होता, निळं-पांढरं कापड खाली उतरलं होतं, आणि एक माणूस पहार घेऊन रिंकवर जागा बघत होता. जुनी जागा बरी, असं त्याला वाटलेलं दिसलं, कारण पहार त्यानं बरोबर भरलेल्या खड्ड्यावरच टेकवली.

मी किंचाळायच्या आत गजाननभाऊ चालत गेले आणि त्या खड्ड्यावर मांडी घालून बसले.

"भाऊ, उठा ना जी," राजाभाऊ शाल सावरत म्हणाले. "तुमचाच सत्कार आहे."

"करा ना. इथंच करा. खांब नाही पाहिजे."

"अन् ऊन?"

"लागू द्या."

राजाभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी झाडाकडे पाहिलं. शेवटी मंडप न पडताच सत्कार झाला. असा सत्कार आमच्या मंडळाच्या इतिहासात पहिलाच असेल. गजाननभाऊ जमिनीवर बसलेले, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ, आणि राजाभाऊ फोटोसाठी त्यांच्याशेजारी वाकलेले. भाषण करायला राजाभाऊंनी तोंड उघडलं तेवढ्यात मी शिट्टी वाजवली.

पल्लवी आली. रिंकला मोठा वळसा घालून डाव्या पायावर उलटी सरकत आली, उडाली, दोन्ही फेरे पुरे केले, उजव्या पायावर उतरली. उतरली आणि चाक कशाला तरी अडखळून धप्पकन पडली. राजाभाऊंनी जोरदार टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

गजाननभाऊ उठले. शाल तशीच खांद्यावर. पोरीकडे त्यांनी पाहिलंही नाही. ती जिथे अडखळली होती तिथे ते गुडघ्यावर बसले आणि तळहात सिमेंटवरून पुढे-मागे फिरवला.

"इथं उंच राहिलं वं," ते म्हणाले. "उद्या घासून देतो."